जाळीच्या मापाची उशी

आई: ...आणि खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबल्या. दाराला कापूस भरलेला जाड पडदा शिवला, चारी बाजूंनी चौकटीला नाड्यांनी बांधायचा. वारा काय, मुंगी आत शिरणार नाही!

लेक: शाब्बास! चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेस, आता घरालाच कपडे शिवलेस होय?

आई: हस हस. गॅसचा हीटर सकाळी तासभर लावला की दिवसभर ऊब. सिलिंडर दुप्पट दिवस पुरतोय. आज मात्र चालूच ठेवलाय. तुझ्या बाबांना बरं वाटत नाहीये.

लेक: काय झालं? दे त्यांना फोन.

आई: खुर्चीत झोपलेत.

लेक: सकाळी अकरा वाजता? बाबा?

आई: डोकं धरलंय म्हणाले. माझंही ठणकतंय गं. मळमळतंय. सर्दीच असणार.

लेक: आई... हीटरच्या वर भिंतीत जाळी आहे ना? ती उघडी आहे ना?

आई: सगळी ऊब तीच तर पळवत होती! तिच्या मापाची उशी शिवून बसवली. दुहेरी शिवण घातलीय.

लेक: अगं आई गं! हीटर बंद कर. आत्ताच्या आत्ता!

आई: ओरडतेस काय अशी?

लेक: विषारी वायू साठलाय खोलीत! त्याला वास नसतो. बंद कर!

आई: केला बाई, केला. पाय लटपटतायत माझे.

लेक: आता दार उघड.

आई: सगळी ऊब जाईल की. पंधरा दिवस मशीनवर बसून...

लेक: खड्ड्यात गेली ऊब! तुझ्या पाया पडते, दार उघड. मी चार तास लांब आहे गं, मला नाही पोचता येणार!

आई: गाठ सुटत नाहीये. बोटं ऐकतच नाहीत.

लेक: कात्रीनं काप.

आई: कात्री... कुठे ठेवली मी? थांब, जरा टेकते.

लेक: टेकायचं नाही! टेकलीस तर उठणार नाहीस! गळ्यात बघ, गळ्यातच अडकवतेस ना तू!

आई: हो की.

(कापड कापल्याचा आवाज. मग फोनमध्ये नुसता वारा.)

लेक: आई? बोल ना गं! आई!

आई: उघडलं.

लेक: बाबांना बाहेर काढ. मी दुसऱ्या फोनवरून ॲम्ब्युलन्स बोलावतेय. तू हा ठेवू नकोस.

आई: अहो, उठा ना. अहो! डोळे उघडत नाहीत गं. मीच केलं हे सगळं, माझ्या हातांनी...

लेक: ते नंतर! खुर्चीसकट ढकल. अंगणात ने!

आई: ढकलतेय... उंबरठा... गेली, गेली बाहेर!

लेक: ॲम्ब्युलन्स निघालीय. आई, श्वास चालू आहे का त्यांचा? सांग ना!

बाबा: कोण... ढकलतंय मला?

आई: बोलले! ऐकलंस? बोलले गं!

बाबा: गारठलो की मी. घरात चल.

आई: अजिबात नाही! हलायचं नाही इथून!

लेक: रडू नकोस, आई. काय करतायत बाबा?

आई: थरथरतायत. दात वाजतायत नुसते. शाल आणू आतून?

लेक: आत पाऊल टाकू नकोस. तुझ्या अंगावरचीच घाल त्यांना. आणि फोन त्यांच्या तोंडाशी धर, मला ते दात वाजताना ऐकू दे.