साडूच्या पापण्या

नाही नाही, तुम्हीच सांगा मला, एका माणसाच्या पापण्या जरा वर गेल्या म्हणून घरात एवढा गाजावाजा करतात का हो? पापण्याच ना? पण आमच्या सासरी... 'अगंबाई, किती तरुण दिसतात हो थोरले जावई!' या सासूबाई. 'डोळे बघा, डोळे! काय पाणीदार!' हा मेहुणा. आणि आमची बायको... नुसती बघत राहिली साडूकडे. मान अशी थोडी कलती करून, ओठांवर बारीक हसू ठेवून. तुम्हाला सांगतो, लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तसं तिने माझ्याकडे कधी... जाऊ दे! माझ्या पोटात वगैरे काही दुखत नाही हं, आधीच सांगून ठेवतो.

आता साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. ड्रायव्हिंग स्कूल आहे त्याचं. गाडी दुसऱ्यांना चालवायला देतो, स्वतः फक्त तोंड चालवतो! आणि त्याच्या पापण्या आधी कशा होत्या म्हणता? दुकानाचं शटर अर्ध्यावर अडकावं तशा! हनुवटी वर करायची, कपाळाला ढीगभर आठ्या घालायच्या, तेव्हा कुठे समोरचा रस्ता दिसायचा. शिकायला आलेल्या मुली घाबरून म्हणायच्या, 'सर, रागावलात का?' 'रागावलो नाही गं, बघतोय! सिग्नल कुठला आहे?' जेवायला बसला की सासूबाई हटकून विचारायच्या, 'झोप आली का जावईबापू?' आणि शेजारी मी, टक्क जागा! काय आवडायचा हो मला साडू तेव्हा! अगदी मनापासून.

आणि मग या गृहस्थाने ऑपरेशन केलं. बरं, केलं तर केलं, गप्प बसावं की नाही? छे! जिथे जाईल तिथे तीच गोष्ट. 'अहो, भूल फक्त पापणीपुरती! माणूस जागा! मध्येच उठवून बसवतात, आणि डॉक्टरीणबाई म्हणतात, समोर बघा, नेहमीसारखे डोळे उघडा. मग दोन्ही पापण्या सारख्या आल्या का बघून टाका घट्ट करायचा नाहीतर सैल करायचा. शिंपी बाही बसवतो बघा, तस्सं!' आणि सगळं घर तोंडाचा आ करून ऐकतंय! बायको तर दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी. 'भावोजी, भीती नाही वाटली?' 'छे, भीती कसली!' भीती कसली म्हणे! हा माणूस इंजेक्शनची सुई पाहून दवाखान्यातून पळाला होता एकदा! पण मी बोललो का? नाही बोललो. माझ्या पोटात दुखत नाही ना!

फक्त दुसऱ्या दिवशी दुकानात... मी रंगाच्या दुकानात आहे, शेड कार्ड दाखवतो, डब्यात रंग मिसळून देतो... तर तिथे एका नव्या डब्याच्या चकचकीत झाकणात सहज स्वतःचे डोळे बघितले. सहज हं! तर मला वाटलं, आपल्याही पापण्या उतरल्यात की! गेलो. त्याच डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी पट्टी लावून मोजलं आणि म्हणाल्या, 'अगदी किंचित आहे हो, वयाप्रमाणे. काही करायची गरज नाही.' किंचित? म्हटलं, 'मॅडम, गिऱ्हाइकाने बदामी मागितला की मी पिवळा देतो!' त्या म्हणाल्या, 'त्याचा पापणीशी काही संबंध नाही.' बघा! साडूच्या पापण्यांचं कौतुक, आणि आमच्या पापण्यांना साधा रोगसुद्धा नाही!

पण मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. म्हटलं, तपासा तरी. तर ते एक यंत्र असतं, त्यात तोंड घालून बसायचं, ठिपका चमकला की बटण दाबायचं. खालचे सगळे ठिपके दाबले. वरचे? दिसले हो, चांगले लख्ख दिसले, पण बोट हलवलं तर शपथ! डॉक्टरीणबाई कागद बघून चक्रावल्या. 'तुम्हाला वरचं काहीच दिसत नाही?' म्हटलं, 'पंखासुद्धा नाही.' झालं, मिळाली तारीख!

आता खरी गंमत ऐका. ऑपरेशनच्या मध्ये मला बसवलं. 'नेहमीसारखे डोळे उघडा.' मला सगळं पाठ, साडूच्या कृपेने! म्हटलं, आपल्या पापण्या साडूपेक्षा वर गेल्या पाहिजेत. मी आपले डोळे किलकिले. 'उघडा ना.' 'उघडलेत.' 'नेहमी एवढेच उघडतात?' 'एवढेच हो.' त्यांनी टाका घट्ट केला. मी अजून किलकिले. अजून घट्ट!

सूज उतरली आणि आरशात बघतो तर आरशातला माणूस माझ्याकडे बघून थक्क! भुताने 'भॉक' केल्यावर माणूस दिसतो ना, तसा कायमचा! झोपलो तरी डोळ्यांची फट उघडी, मलम घालून झोपायचं. दुकानात गिऱ्हाईक म्हणतं, 'एक खोली रंगवायची आहे,' आणि माझा चेहरा असा की जणू त्याने राजवाडाच बांधलाय! मालक म्हणाले, 'अहो, तो बाथरूमचा रंग मागतोय, एवढं काय आश्चर्य?'

आणि रविवारी साडू आला. बसला, आणि सुरू! कुठल्याशा बाईने गाडी मागे घेताना स्वतःच्याच सासऱ्यांची स्कूटर कशी आडवी केली, आणि याने आपल्या बाजूचा ब्रेक दाबून कसं सगळ्यांना वाचवलं... माझ्या अंगाचा नुसता तिळपापड! पण चेहरा? चेहऱ्यावर कौतुक ओसंडतंय! मिटवता येईना हो ते! साडू बोलता बोलता थांबला. त्याचे ते नवे डोळे भरून आले. 'अहो, असा जीव डोळ्यांत आणून ऐकणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही!'

आणि मी सहज वळून बघतो तर... बायको. मान थोडी कलती. ओठांवर बारीक हसू. आणि बघत होती माझ्याकडे हो! माझ्याकडे!

नंतर भांडी विसळता विसळता म्हणाली, 'अहो, मला वाटायचं तुम्हाला भावोजींचं बघवत नाही. किती वर्षं मनातल्या मनात कुढत होते मी. केवढ्या मोठ्या मनाचे आहात तुम्ही!' आता हिला पोटात दुखत होतं म्हणून सांगू?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'जरा जास्तच वर गेल्यात, पुन्हा थोड्या खाली आणू.' बायकोला विचारलं. तर म्हणते, 'राहू द्या ना, असेच छान दिसता.'

म्हणून आता दर रविवारी मीच फोन करतो साडूला. मीच! 'या हो, वाट बघतोय.' तो येतो, बसतो, सांगत सुटतो. मी आतून होरपळतोय, वरून थक्क, आणि ती माझ्याकडे बघतेय. पण त्याची गोष्ट संपली रे संपली की तिची नजर वळते, कुठे चहाच्या कपाकडे, कुठे घड्याळाकडे... मग काय करता? मीच पुढे सरकून बसतो आणि म्हणतो, 'हं साडूभाऊ... मग? पुढे काय झालं?'