जोडीदाराच्या गोळ्या

नाही बाई, मी बसायला आलेलो नाही. तपासणी झाली, सुई टोचून घेतली, संपलं. आता तिच्या गोळ्या द्या म्हणजे मी मोकळा. तुम्हीच फोनवर म्हणालात ना — तुमच्या जोडीदाराला लैंगिक आजार निघालाय, तुम्हीही येऊन तपासून घ्या. नाव? नाव सांगायचा नियम नाही म्हणालात. पण नाव हवंय कशाला? आम्ही वखारीत करवत ओढणारी माणसं, आमच्यात जोडीदार म्हणजे करवतीचं दुसरं टोक धरणारा — तो काय माझ्याजवळ झोपतो? म्हणजे बायकोच की. एवढं कळतं मला.

घरी गेलो, विचारलं, कुणाचं आणलंस हे? भाजी चिरत होती. म्हणे, मी दवाखान्याची पायरीसुद्धा चढले नाही. तोंडावर खोटं बोलते म्हणून एक ठेवून दिली. तर शपथा घ्यायला लागली — मग डोकंच फिरलं माझं. केस धरून भिंतीवर आपटलं. हाताशी लाकडी हातोडा होता, तोही — दोनदाच. दोनदाच हो. असे डोळे मोठे करू नका. तुमच्या नवऱ्यानं काय कौतुक केलं असतं तुमचं?

आणखी कुणाशी संबंध? माझा? हे बघा, वखारीच्या कँटीनमध्ये एक आहे, पण तिला कशाला मध्ये आणता — तिला कुणी जोडीदार म्हणतं का? नुसतं येणंजाणं. हल्ली तर दिसतही नाही, ओटीपोटात दुखतं म्हणून दवाखान्यात गेली होती. कुठल्या दवाखान्यात, मी काय विचारलं नाही.

थांबा. तिलाही तुम्ही जोडीदारच म्हणता? सगळ्यांना एकच शब्द?

म्हणजे घरची खरं बोलत होती.

बरं, ते असू दे — गोळ्यांचं बोलत होतो मी. पाण्यात विरघळतात का त्या? तिचा जबडा उघडत नाही. चमच्यानं पाणी घातलं तर बाहेरच येतं, लालसर. सकाळी हाक मारली, ओ दिली नाही. म्हटलं रुसली असेल, पडू दे. बाहेरून कुलूप लावून आलो, माहेरी पळाली तर पंचाईत.

फोन कुणाला लावताय? ठेवा खाली. ठेवा म्हणतो ना, नाहीतर हात मोडून —

नाही. लावा. लवकर लावा. ही घ्या किल्ली. मी येत नाही, मला नाही बघवणार ते. तुम्ही जा. कुलूप जुनं आहे, किल्ली जरा वर उचलून फिरवा, नाहीतर अडकते.