भुजंगची विलायती करवत

अहो, करवतच घ्यायची व्हती ना! हत्ती थोडाच घ्यायचा व्हता! तुम्हाला सांगतो, आमच्या आष्टीच्या भुजंगनं त्या एका करवतीपायी परतूरपस्तोर बैलगाडी अन् पुढं जालन्यापस्तोर आगगाडी केली... कशापायी? तं पोरगी दुर्गा माहेरी बाळंत झाल्ती, पहिलं लेकरू, बाराव्या दिवशी बारसं, पाळणा आजोळानं द्यायचा, अन् गावचा सुतार कडूबा म्हनतो, "आधी लोकायच्या पेरणीच्या तिफणी, मंग पाळणा!" आता दुर्गाची सासू येणार, पाळणा न्हाई म्हनून नाक मुरडणार... भुजंगला तं घामच फुटला! म्हनला, "जा रे, मीच करतो!" बायको चतुराबाईनं कपाळाला हात लावला. "तुमी? एक खिळा सरळ ठोकता येत न्हाई तुमाला!"

मंग जालन्यात लालमियाँचं लोखंडी सामानाचं दुकान. लालमियाँ विचारून राह्यला, "लंबा चीरना के आडा काटना? बारीक दात के मोटे? देसी के विलायती?" अरे बाबा, करवतच घ्यायची व्हती ना! भुजंगनं जल्मात बैलाशिवाय काही निवडलेलं न्हाई. मंग बसला की उकिडवा, अन् एकेका करवतीचे दात पाहून राह्यला! मोजले, दाबले, पाठीवर थाप मारली! गिऱ्हाइकं गोळा झाली. लालमियाँ म्हनला, "अजी पटेल, दूध कित्ता देती वो बी पूछ लेव!" हसा, हसा... पर गड्यानं सगळ्यात सरस उचलली. विलायती! दात बिलकुल बराबर!

घरी आला, कडूबा बसतो तसा बसला, लाकूड पायाखाली दाबलं, अन् करवत आपल्याकडं ओढून राह्यला. किर्रर्र! कापंना! आणखी जोर. किर्रर्र! दोन दिवस हो! लेकरू दचकून उठतंय, दुर्गा कानात बोळे घालून बसली, चतुराबाई म्हनती, "अहो, बारसं परवा हाये!" भुजंग रडकुंडीला आला. दात मोजले व्हते, पर त्यायचं तोंड कुणीकडं हाये, कोनं पाह्यलं? बैलाचे दात काय उलटे असतात?

शेवटी तिफण टाकून कडूबाच पळत आला. "बंद करा! ऐकवत न्हाई मला! विलायती हाये ती, पुढं ढकलायची असती!" अन् हिसकलीच हातातून. सर्र, सर्र... असं लाकूड सुटून राह्यलं की कडूबा थांबंना! दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत पाळणा उभा!

बारशाला विहीणबाईनं पाळण्यावरून हात फिरवला. "सुतारानं जीव ओतला हो!" भुजंग पुढं झाला, "करवत म्या निवडली!" कोन ऐकतंय? बाया गाऊन राह्यल्या, नात पाळण्यात घातली, अन् खरं सांगतो, भुजंगचे डोळे भरून आले.

डोळे पुसून पाह्यलं, तं कडूबा करवत काखेत मारून निघालेला! "आरं, करवतच घ्यायची व्हती ना मला... अन् ती तू कुठं नेऊन राह्यला?"

"लई झ्याक निवडली, भुजंगभाऊ!" कडूबा म्हनला. "तुमाला कधी लागली तं मागा की. मी काय न्हाई म्हननार हाये?"

भुजंग "बरं" म्हनला. दुसरं काय म्हननार?