डाव्या अंगाची धार

फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या बाजारात लोहाराकडे मी कोयत्याला मूठ बसवून घ्यायला उभा होतो. पुढे एक म्हातारं जोडपं नवा कोयता निवडत होतं. म्हणजे बायको निवडत होती आणि नवरा हरकती घेत होता. लोहार तिला ‘नांग’ म्हणजे ताई आणि त्याला ‘नोंग’ म्हणजे दादा म्हणत होता.

“हा ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचाच आहे ना रे? पत्रा नको,” बायकोनं लोहाराला विचारलं.

“नांग, ट्रक मोडेल, हा मोडणार नाही. धार नेहमीसारखी एकाच अंगानं काढतो. नोंग ओदिलोनचा हात मला ठाऊक आहे.”

“या वेळी दुसऱ्या अंगानं काढ. डाव्या हातासाठी.”

“कुणाच्या डाव्या हातासाठी, पुरिंग?”

“तुझ्या. उजवा लुळा पडलाय, हे गावभर माहीत आहे. तुलाच कुणी कळवलं नाही वाटतं.”

“डॉक्टर म्हणाला, येईल हळूहळू. तोवर जुन्यानंच डाव्या हातानं शहाळी तासीन.”

“काल तासलंस की. कोयता घसरला आणि केळ आडवी झाली.”

“केळ म्हातारीच होती.”

“तिच्या शेजारी मी उभी होते, ओदिलोन.”

“नोंग, आधीच सांगतो, एकदा डाव्या अंगानं धार काढली की हा कोयता उजव्या हाताला चालणार नाही.”

“ऐकलंस, पुरिंग? म्हणजे माझ्या उजव्या हातावर तू पाणीच सोडलंस.”

“मग तुझ्या जुन्या, उजव्या हाताच्या कोयत्याला दर रविवारी तेल कोण लावतं?”

“...तरीच म्हटलं, गंजत कसा नाही. काढ रे बाबा, डाव्या अंगानं काढ.”