नियम केला काकांसाठी

"हॅलो?… हो, बोल गं क्षमा. हात ओले आहेत, पण बोल तू."

फोन खांद्यात धरून इरावती चारकोपच्या घरी मोड आलेले वाल सोलत बसली होती. क्षमा मुलुंडहून बोलत होती. दोघींची ओळख 'बोरू'मुळे झालेली. बोरू म्हणजे फोनवर मराठी लिहायचा फुकट कीबोर्ड. इरावतीने तो बनवला आणि त्याचा कोड सगळ्यांना खुला ठेवला. ज्याला जमेल त्याने सुधारावा. आता बरीच माणसं हौसेने त्यावर राबायची, आणि रविवारी त्यांच्या कारभारी समितीची पहिली निवडणूक होती.

"श्यामसुंदरकाका बाद झाले ना?… काय? बसतात नियमात? कसे काय?"

घाटकोपरचे श्यामसुंदर दर बैठकीत हरकती घ्यायचे आणि कामाला मात्र हात लावायचे नाहीत. त्यांना थोपवायलाच इरावतीने नियम सुचवला होता, की गेल्या वर्षात ज्याने काम केलं त्यानेच उभं राहावं. काकांनी तो वाचला आणि मुकाट्याने बसून 'ऱ्य' नीट उमटत नव्हता तो दुरुस्त करून टाकला.

"बरं, केलं तर केलं. नियम तो नियम… मग अडलंय कुठे?… कोण बसत नाही?… मी?"

वाल हातातच राहिला. आईच्या आजारपणात वर्ष कसं गेलं ते कळलंच नव्हतं. तेवढ्या काळात तिने बोरूसाठी एक ओळही लिहिली नव्हती. बैठकींना यायची, मतं ऐकवायची आणि जायची. म्हणजे काका करायचे तेच.

"हसतेस काय?… हो, हो, कळलं. अगं ऐक ना…"

पण क्षमाला अजून सांगायचं होतं. संस्थापकांना हा नियम लागू नसावा, असा ठराव आला होता, आणि तो आणला होता श्यामसुंदरांनीच. इरावतीला एकदम भरून आलं. हो म्हणणं अगदी ओठांवर आलं होतं.

"नको… अगं, नको म्हणते ना. आज मला सूट दिलीत, तर उद्या ती वांद्र्याची कंपनी येईल. आम्ही सर्व्हर फुकट दिला, आम्हाला कायमची खुर्ची द्या म्हणेल. तिला कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?… काकांना थँक्यू सांग. टोमणा नाही गं, मनापासून."

मग तिला सुचलं.

"तू का नाही उभी राहत?… नसेल येत कोड. लोकांच्या तक्रारी रोज कोण निस्तरतं? नियमात 'काम' लिहिलंय, 'कोड' नाही… मीच लिहिलाय, मला माहीत नसेल?"

पलीकडून क्षमाने नोकरी सांगितली, सासूबाई सांगितल्या, शेवटी खरं कारण सांगितलं: इंजिनियर मंडळी हसतील. इरावतीने सगळं ऐकून घेतलं.

"हसू देत. बोरू वापरणारी माणसं तुला ओळखतात, त्या इंजिनियरांना कोण ओळखतं?… राहतेस ना उभी?… नक्की?… झकास!"

वाल सोलायला घेतले तरी तिच्या मनाला जरा चुटपुट लागून राहिली होती. क्षमाला ते आवाजावरून कळलं असावं.

"मी? मी येणार ना रविवारी. बाहेर बसून तुमच्या चुका काढायला कुठे पात्रता लागते?… चल, ठेवते."