ओठांवर बसवलेले शब्द

(स्पेनमधलं लोकरीच्या गिरणीचं एक गाव, १९६४. लेआंद्रोचा पहिला सिनेमा काल गावात दाखवला. आज सकाळी तो आणि त्याचा म्हातारा बाप फर्मीन स्वयंपाकघरात बसलेत.)

फर्मीन: …अपमान करायला नव्हतो उठलो. बसवेना, म्हणून उठलो.

लेआंद्रो: सगळ्या गावादेखत, बाबा? पाद्रीबुवांनी मला पाद्री व्हायच्या शाळेत घातलं, मी तिथून पळून माद्रिदला सिनेमा शिकायला गेलो, तर त्यांनी वर्षभर माझं तोंड बघितलं नाही. तेसुद्धा शेवटपर्यंत बसले. आणि माझा बाप मध्येच उठून चालता झाला.

फर्मीन: पाद्रीबुवांची बायको नव्हती ना पडद्यावर.

लेआंद्रो: आईला पडद्यावर बघवलं नाही तुम्हाला?

फर्मीन: तिला बघायलाच तर आलो होतो. दाढी केली, लग्नातला कोट काढला. म्हटलं, ती जाऊन वर्ष झालं, आज रेमे बोलताना दिसेल. आणि तिनं तोंड उघडलं, तर आतून भलतीच बाई बोलतेय.

लेआंद्रो: माद्रिदची नटी आहे ती. आमच्यात आवाज मागाहूनच भरतात हो. कॅमेरा घरघरतो, त्यामुळे जागेवर घेतच नाहीत. उन्हाळ्यात आई माद्रिदला येऊन बोलणार होती, सगळं ठरलं होतं. त्याआधीच थंडीत गेली. मग मी काय करायला हवं होतं?

फर्मीन: म्हणजे कुठेच नाही तिचा आवाज?

लेआंद्रो: नाही.

फर्मीन: बरं. कॉफी घे, गार होतेय.

लेआंद्रो: त्या बाईनं मन लावून काम केलंय. सिनेमातला मुलगा कामासाठी जर्मनीला निघतो, तेव्हा 'जा बाळा, देव तुझं भलं करो' म्हणते, तिथे अख्खं गाव रडलं.

फर्मीन: रेमे तसं काही म्हणत नाहीये तिथे.

लेआंद्रो: नसेलच. वाक्य माझं आहे. आईला पाठ होईना, लाजायची नुसती. शेवटी तिला खिडकीच्या काचेआड उभी केली. म्हटलं, तोंडाला येईल ते बोल, ओठ हलले की झालं, शब्द मी नंतर बसवीन. मग काय सुरेख बोलली… थांबा. 'म्हणत नाहीये' म्हणजे?

फर्मीन: गिरणीत आमचे माग समोरासमोर. तिथल्या खडखडाटात स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नाही. लग्नाचं विचारलं ते ओठांनी, हो म्हणाली तीही ओठांनीच. तू होणार हेसुद्धा तिनं मागावरूनच सांगितलं मला.

लेआंद्रो: म्हणजे तुम्हाला कळलं.

फर्मीन: म्हणून तर उठलो. जाऊ दे, तुझी बस चुकेल.

लेआंद्रो: महिनोन्‌महिने त्या ओठांकडे टक लावून बसलोय मी, बाबा. मागे-पुढे करून एकेक शब्द चिकटवला त्यांच्यावर. सांगा मला.

फर्मीन: सोसणार नाही तुला.

लेआंद्रो: नाहीच सोसणार. तरी सांगा.

फर्मीन: म्हणते, "लेआंद्रो, डॉक्टर म्हणतो हा हिवाळा निघायचा नाही. तुझ्या बाबांना बोलले नाही. तुलाही सांगणार नाही, नाहीतर तू हे सगळं सोडून घरी बसशील. मनात ठेवून जीव गुदमरतो रे, म्हणून इथे बोलून घेते." मग हसते.

लेआंद्रो: ती हसली, तेव्हा मी बाहेरून हातानं खुणावलं. छान झालं, आई, आणखी एकदा.

फर्मीन: मग?

लेआंद्रो: मग तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.