मायलेकींचं सातवं गाणं

...आणि वर मलाच म्हणतात, "बाबा, जरा श्वास हळू घ्या!" आता श्वास हळू घ्यायचा म्हणजे कसा घ्यायचा, सांगा? सत्तर वर्षं घेतोय, एकाची तक्रार आली नाही! दुकान माझं, मागची खोली माझी, कापूस माझा, आणि श्वास तेवढा यांच्या परवानगीनं! पण मी काही बोललो नाही. मी मुळातच कमी बोलणारा माणूस. गाद्या शिवतो. गादीवाल्याला बोलायचं कारण काय? गादी बोलत नाही, कापूस बोलत नाही, सुई बोललीच तर बोटाशी बोलते...

तर तुम्हाला सांगतो, चूक झाली ती खोलीची. चारी भिंतींना गाद्या उभ्या, त्यामुळे तिथं आवाज मरतो. हाक मारली तर दोन हातांवर जाऊन झोपते. मला हे चाळीस वर्षं माहीत होतं, मी कुणाला सांगितलं नव्हतं. आणि एक दिवस आमची सूनबाई खोलीत आली काय, टाळी वाजवली काय, कान टवकारले काय, आणि लगेच फोन, "आई, जागा मिळाली!"

आई म्हणजे आमच्या विहीणबाई. पस्तीस वर्षं टपालाच्या खिडकीमागे बसून "पुढचा!" म्हणून ओरडल्या, निवृत्त झाल्या, आणि शिक्का मारायची सवय लागलेला हात स्वस्थ बसेना म्हणून अ‍ॅकॉर्डियन शिकल्या. ते गळ्यात अडकवलं की बाई दिसतच नाहीत, नुसतं वाद्य दोन पायांवर चालत येतंय असं वाटतं! शब्द लेकीचे, चाल आईची, जोडीचं नाव 'मायलेकी'. नाव शोधायला रात्रीचा दिवस करावा लागला नसणार! गाणी खोलीत यंत्रात भरायची आणि मोबाइलवर सोडायची. ऐकणारे एकशे बारा. त्यातला एक मी, तोही चुकून बोट लागून.

आणि गाणी कशावर? पहिलं गाणं झाकणावर! डब्याचं झाकण हरवलंय. चार मिनिटं शोधतात, सापडत नाही, गाणं संपतं. अहो, ओट्याखाली वाकून बघा, गाऊन मिळतं होय? दुसरं रस्त्यावरच्या दिव्यावर. तो लागतो, विझतो, लागतो, विझतो... वायरमनला बोलवा ना! तिसऱ्यात "येते, येते, येते" बावीस वेळा, मी टाके घालता घालता मोजलं, आणि बाई शेवटपर्यंत येत नाही! ये तरी, नाहीतर येत नाही म्हण, दार किती वेळ उघडं ठेवायचं माणसानं? पण मी काही बोललो नाही.

गाणं संपलं की विहीणबाई समोर उभ्या. "व्याही, कसं वाटलं?" हातात शिक्का असल्यासारखं विचारतात! मी मान हलवतो. उभी हलली की आडवी, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मुलगा मला बाजूला घेऊन म्हणतो, "बाबा, तिला एकदा तरी बरा शब्द बोला ना!" म्हटलं, तू नवरा आहेस, तू बोल. तर म्हणतो, "माझं कोण ऐकतंय? तिला तुमचं ऐकायचंय." घ्या! चौथीत शाळा सोडलेला मी, मला गाण्यातलं काय कळतं? मला कापूस कळतो.

मग सातवं गाणं आलं. सूनबाई म्हणाली, "बाबा, हे शेवटचं. हे झालं की खोली तुमची. घरातच कुणाला आवडत नाही, तर गाऊ कुणासाठी?" आणि हे माझ्याकडे बघून नाही, माझ्या हातातल्या सुईकडे बघून म्हणाली. आता मला आनंद व्हायला हवा की नको? सुटलो म्हणायला हवं! पण झालं असं की दोरा सुईत जाईना. चष्मा पुसला, तरी जाईना... मी काही बोललो नाही.

त्या दुपारी सूनबाईनं गाणं भरायचं ते साबणाच्या वडीएवढं यंत्र आणलं. "बाबा, हे इथं ठेवते, धक्का लावू नका." इथं म्हणजे कुठं? मी शिवत बसलेल्या गादीच्या उघड्या तोंडाशी, कापसावर! म्हणे मऊ जागा बघून ठेवलं! अहो, कामाची गादी ती!

आणि गाणं कशावर? अंगुस्तानावर! शिवताना बोटावर घालतात ते. आमच्या हिचं अंगुस्तान अजून फळीवर आहे. ही गेली तेव्हा मुलाचं लग्नही ठरलं नव्हतं, सूनबाईनं सासूला पाहिलेलं नाही. आणि ही पोरगी गाते काय, तर फळीवरचं अंगुस्तान मी बोटात घालून बघते, ते सैल होतं, ते कुणाच्या बोटाचं, मला कुणी सांगत नाही... मी खाली मान घालून टाके घालत राहिलो. हात आपला चालत राहतो हो, त्याला डोळे लागत नाहीत. गाणं संपलं. विहीणबाई सवयीनं ओरडल्या, "पुढचा!" हातगाडीवाला दारात उभाच होता, चार गाद्या घेऊन लॉजवर गेला.

आणि मग, यंत्र कुठाय?

खोली उलटीपालटी केली. विहीणबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "व्याही, आवडत नव्हतं तर तोंडानं सांगायचं होतं! यंत्र लपवायचं?" मी! लपवलं! सूनबाई खालच्या आवाजात म्हणाली, "जाऊ दे आई. तसं परत गाता यायचं नाही मला." आणि हसली. तुम्हाला सांगतो, ती रडली असती तर परवडलं असतं.

तेवढ्यात माझं लक्ष माझ्या बोटांकडे गेलं, आणि डोक्यात प्रकाश पडला. शिवलं की मी ते! कापसासकट, गाठ मारून, पक्क्या टाक्यांनी! कात्री उचलली आणि निघालो. या वयात धावलो. लॉजवाला म्हणाला, "आजोबा, नवी गादी परत कशाला नेता?" म्हटलं, नेत नाही, फाडतो! पहिली फाडली, नाही. दुसरी, तिसरी, नाही. चौथीवर एक फिरता विक्रेता दुपारचा आडवा झालेला. त्याला उठवलं तर म्हणतो कसा, "बरं झालं आलात, मघापासून बरगडीला काहीतरी टोचतंय!"

घरी आणून लावलं. गाणं कापसातून आलेलं, दबकं, शेजारच्या खोलीत कुणीतरी आपल्याशीच गुणगुणतंय असं. आणि त्याच्यावर, अगदी कानाशी, एका म्हाताऱ्याचा आवाज! "हां... आता कसं... सैल नव्हतं गं पोरी, तिला घट्टच व्हायचं... साबण लावून काढायची... परत म्हण. परत म्हण तेवढं."

मी म्हटलं, हा कोण?

विहीणबाई म्हणाल्या, "आरसा आणू का?"

मी म्हटलं, मी काही बोललो नाही! तर सूनबाई म्हणते, "बाबा, तुम्ही सतत बोलता! सहाही गाण्यांत आहात. 'ओट्याखाली बघा', 'वायरमनला बोलवा', आम्ही ते पुसत बसायचो. मला वाटायचं, तुम्ही नुसती नावं ठेवता."

"ठेवतोच!" मी म्हटलं. "झाकणाचं गाणं भिकारच आहे!"

तर ही पोरगी हसायलाच लागली, या वेळचं हसू वेगळं होतं. आणि फळीवरचं अंगुस्तान काढून माझ्यासमोर ठेवलं. "घट्ट म्हणजे किती घट्ट, बाबा?" मग काय... सांगत बसलो. दिवे लागले तरी सांगत होतो. चार गाद्या पुन्हा शिवायच्या राहिल्या त्या राहिल्याच.

माझा आवाज न पुसता त्यांनी ते गाणं तसंच सोडलं. आता लोक दुकानात येतात, गादी दाबून बघतात, आणि विचारतात, "'परत म्हण'वाले आजोबा तुम्हीच का?" गादी घेत नाही एकजण! आणि शेवटचं गाणं, शेवटचं गाणं म्हणता म्हणता आता आठवं निघालंय, सुतळीवर. सुतळीवर, अहो! काल यंत्र माझ्या नाकासमोर धरलं, सूनबाई म्हणाली, "बाबा, मनात येईल ते बोला, नावं ठेवा हवं तर." मी तोंड उघडलं. मिटलं. उघडलं. एकोणीस वेळा. हयातभर सांगत आलो आणि काल पहिल्यांदा ते खरं झालं हो... मी काही बोललो नाही.

विहीणबाईंनी यंत्र बंद केलं, माझ्याकडे बघितलं, आणि ओरडल्या,

"पुढचा!"